आत्याबाईंनी तेल पाजलेलं इंजिन

आमच्या गॅरेजच्या मागच्या भिंतीवर एक हातोडा टांगलेला आहे. चांगला दणकट, घणाचा धाकटा भाऊ शोभेल असा. नवं गिऱ्हाईक आलं की हमखास विचारतं, "मावशी, हा देवासारखा का टांगून ठेवलाय?" मी सांगते, "त्याला रिटायर केलंय बाबा. तुला लागला तर दुसरा देते."

आमच्या उस्तादांनी तो स्वतःच्या हातानं खिळ्याला लावला होता. एका जुन्या गाडीचा अडकलेला पिस्टन काढताना त्यांचा एक घाव जास्तीचा पडला आणि ब्लॉकला तडा गेला. ब्लॉक म्हणजे इंजिनाचं मुख्य धड, बिडाचं, म्हणजे ठिसूळ लोखंडाचं, ओतलेलं. आजकालच्या गाडीचा फुटला तर दुसरा मिळतो. साठ-सत्तर वर्षांपूर्वीच्या गाडीचा फुटला तर तो बनवणारा कारखानाही जागेवर नसतो. त्या दिवसापासून उस्ताद म्हणायचे, "ताकत सबके पास है बेटा, सबर किसके पास है वो बोल."

दिवाळी अंकवाल्यांनी मला 'बाई असून मिस्त्रीकाम' यावर लिहायला सांगितलंय. आता बाईचं काय लिहायचं? बाईनं पाना लावला म्हणून बोल्ट लाजून लवकर सुटत नाही आणि रुसून उशिरा सुटतो असंही नाही. त्यापेक्षा मी अडकलेल्या पिस्टनबद्दल लिहिते. त्यातच काय ते बाईचं आलं.

पण मी या धंद्यात शिरले कशी, तेवढं सांगू दे. शहराच्या कडेला, पडेगावला, रस्त्यालगत आमची भाड्याची खोली होती आणि भिंतीला भिंत लागून उस्तादांचं गॅरेज. मी झंपर शिवायची. एक दिवस उस्ताद दारात आले, हातात तेलकट कागद. म्हणाले, "बेटा, झंपर कतरती ना? ये बी कतर दे." ते होतं गॅस्केट. दोन लोखंडी भाग एकमेकांवर घट्ट बसावेत, मधून तेल-पाणी गळू नये, म्हणून मधे जाड कागदाचं नाहीतर कॉर्कचं पान घालतात, ते. कात्रीवर माझा हात चांगला. मी झोकात कापलं आणि सवयीनं कडेनं शिवणीला जागा सोडली. उस्तादांनी ते इंजिनावर धरून बघितलं आणि हसून हसून खाली बसले. "इंजन मोटा हुआ तो उसवके ढीला करेगी क्या?"

मग हे पान कुठं बसतं ते बघायला गेले, ते अजून तिथंच आहे. उस्ताद आता नाहीत. त्यांचा मुलगा सलीम आणि मी मिळून गॅरेज चालवतो. त्याचीही दाढी पांढरी झाली, पण मला 'आपा' म्हणायचं आणि माझ्या डब्यातलं खायचं त्यानं सोडलेलं नाही.

तर, पाचोडची मोटार.

या पावसाळ्यात महेश नावाचा मुलगा आला. वाळूजला कंपनीत नोकरीला, घर पाचोडला, शेतीवाडी बऱ्यापैकी. टेम्पोवर चढवून त्यानं आजोबांची मोटार आणली होती. इंग्रजी बनावट, काळी, दोन्ही बाजूंना पाय ठेवायला फळ्या, पुढून हॅन्डल मारून सुरू करायची. निजामाच्या काळातल्या कुणा तालुकदाराची ती गाडी, आजोबांनी पुढं हौसेनं घेतलेली. दर दसऱ्याला ते आजीला आणि पोराबाळांना तीत घालून ओढ्यापलीकडं, शिवेबाहेर न्यायचे. आपट्याचं सोनं तिथून लुटून मग घरी. आजोबा गेले आणि मोटार गोठ्याशेजारच्या शेडमध्ये उभी राहिली ती राहिलीच.

महेश म्हणाला, "मावशी, इंजिन जाम आहे. आजीला यंदा दसऱ्याला हिच्यातून शिवेबाहेर न्यायचंय. काका म्हणतात, हे इंजिन फेकून जीपचं डिझेल इंजिन बसवा, फटक्यात चालू होईल."

"मग बसवा की."

"आजी म्हणते, दुसरं काळीज घातल्यावर ती त्यांची मोटार कशी राहील?" तो जरा ओशाळून हसला. "काकांनी नवरात्र बसेपर्यंतची मुदत दिली आहे. तोवर हललं तर ठीक, नाहीतर गाडी जीपच्या मिस्त्रीकडं."

ज्यांनी इंजिन उघडं पाहिलेलं नाही त्यांनी सायकलचा पंप डोळ्यांपुढं आणावा. पंपाच्या नळीत दट्ट्या वरखाली होतो ना, तसं सिलिंडरमध्ये पिस्टन वरखाली होतो. या मोटारीला असे चार. चौघं एकाच दांड्याला बांधलेले, म्हणून एक अडला की बाकीचे तिघं आपोआप अडतात. एकत्र कुटुंबासारखं. रुसलंय नेमकं कोण, हे शोधणं हेच मिस्त्रीचं काम.

आम्ही इंजिनाचं वरचं झाकण, म्हणजे हेड, उतरवलं. चौथ्या सिलिंडरमध्ये लालभडक गंज. बाकी तिघांत गंज नव्हता, भिंतींवर पिवळसर तपकिरी चकाकी होती, वॉर्निश मारल्यासारखी. सलीम म्हणाला, "चौथाच चोर आहे, आपा." मलाही तसंच वाटलं. गंजाला आमचं ठरलेलं औषध: ब्रेक ऑइल आणि डिझेल मिसळून ओतायचं, मुरू द्यायचं. मग बाभळीचा गोल ठोकळा पिस्टनवर ठेवून हलक्या हातानं ठोकायचं. पिस्टनला लोखंड लागू द्यायचं नाही, लाकूडच. हा ठोकळा मी सिलिंडरच्या मापानं तासलाय आणि खाली चामडं चिकटवलंय. सलीम त्याला 'आपाची उशी' म्हणतो.

दिवस गेले. औषध चौघांनाही पाजलं. सकाळी ठोकायचं, हॅन्डलला पाइप अडकवून जोर लावायचा, कपाळावरचा घाम पुसायचा आणि चहा घ्यायचा. इंजिन ढिम्म. गणपती आले, गेले. महेशचे फोन यायला लागले. मी म्हणायची, "चाललंय." चाललेलं काहीच नव्हतं.

एक दिवस सलीम भिंतीवरच्या हातोड्याकडं बघत उभा.

"काय बघतोस रे?"

"कुच नै. अब्बा की याद आई."

"अब्बांची याद आली तर फातिहा पढ. खिळ्याला हात लावू नकोस."

"एकच मारतो ना, आपा. ठोकळ्यावरूनच."

"तुझे अब्बापण एकच म्हणाले होते."

त्याच सुमारास महेश आजीला डोळे दाखवायला शहरात घेऊन आला होता, परत जाताना त्यांना घेऊन गॅरेजमध्ये आला. ठेंगणी, ताठ म्हातारी, नऊवारी, कपाळाला बुक्का. माझं माहेर आडूळचं, पाचोडच्या वाटेवरचं, हे कळल्यावर त्या म्हणाल्या, "माझंबी माहेर तिथलंच. मग मी तुझी आत्याच की गं." तेव्हापासून त्या आत्याबाई. स्टुलावर बसल्या आणि पदरानं मोटारीचा मडगार्ड पुसायला लागल्या. लेकराचं नाक पुसावं तसं.

सलीमनं त्या दिवशी शेवटचा उपाय म्हणून ब्लो-लॅम्प, जाळाचा झोत टाकणारा दिवा, पेटवला होता. पहिल्या सिलिंडरच्या बाजूनं बाहेरून हलका शेक द्यायचा, कुठं काही सैल होतंय का बघायचं. औषध आधी पुसून काढलं होतं. जरा वेळ गेला आणि गॅरेजमध्ये वास सुटला. गंजाचा नाही, डिझेलचा नाही. सलीम नाक वर करून म्हणाला, "आपा, कुनी भज्जे तळतंय काय?"

मीही हुंगलं. कढई विसरून गॅसवर राहिली की जो वास येतो, तोच.

आत्याबाई मडगार्ड पुसायच्या थांबल्या. हळू म्हणाल्या, "करडीचं हाय."

"काय आत्याबाई?"

"करडीचं तेल. आपल्या घाण्याचं."

मग सगळं बाहेर आलं. आजोबा आजारी पडले तेव्हा त्यांनी आत्याबाईंना शेडमध्ये नेऊन शिकवलं होतं. दर दसऱ्याला प्लग, म्हणजे सिलिंडरच्या डोक्यावरची ठिणगीची टोपणं, काढायचे, एकेका भोकात चमचाभर तेल सोडायचं, हॅन्डल जरा फिरवायचं, म्हणजे इंजिन झोपलं तरी मरत नाही. सांगितलं ते अगदी बरोबर. इंजिन ऑइलचा डबाही ठेवून गेले होते. तो डबा काही वर्षांनी संपला. पुढच्या दसऱ्याला आत्याबाईंनी विचार केला, घरात एवढं चोख तेल असताना बाजारातलं काळं कशाला? त्यांनी नव्या घाण्याचं, पहिल्या धारेचं करडईचं तेल घातलं. देवाला लावतात तेच. पुढं हॅन्डल फिरेना. त्यांना वाटलं, आपल्याच हातातलं बळ गेलं. तेल मात्र एकाही साली चुकवलं नाही.

"तीनच टोपणं निघायची मला. चौथं पार मागं, मोटारीच्या आतल्या भिताडाला, माझा हात पुरायचा नाय. ह्यांचा पुरायचा."

महेश हसत सुटला. "म्हणजे आजी, तूच जाम केलीस की गं मोटार! आम्ही उगं गंजाला शिव्या देतोय!"

पोरगं थट्टेनंच बोललं. पण आत्याबाईंचा चेहरा असा उतरला की सलीमनं ब्लो-लॅम्प बंद केला. त्या माझ्याकडं वळल्या. "पोरी, खरं सांग. माझ्या हातानं मेलं का गं ते?"

 नाही म्हणावं तर पिवळी चकाकी समोर. हो म्हणावं तर तो उतरलेला चेहरा समोर. मी म्हणाले, "आत्याबाई, उघडून बघितल्याशिवाय मिस्त्री बोलत नसतो."

"मग लवकर उघड," त्या म्हणाल्या. "मला आता दसऱ्याचं काय नाय. ह्यांच्या मोटारीला मी मारलं का, तेवढं कळू दे." जाताना त्यांनी मोटारीला हात लावला नाही.

खरं तर हे मला आधीच ओळखू यायला हवं होतं. घरात करडईच्या तेलाचा डबा कुणाच्या नसतो? त्याच्या तोंडाशी ओघळ वाळून कसा चिकट पापुद्रा धरतो, नखानं खरवडला तरी निघत नाही, हे कुठल्या बाईला माहीत नाही? सुतार दाराला जवसाचं तेल लावतो, ते वाळून कातडी धरतं. करडई तिचीच बहीण. शेंगदाण्याचं तेल असतं तर एवढं वाळलं नसतं. म्हणजे चोर चौथा एकटा नव्हता. गंजाचं औषध आम्ही दिलं ते चौथ्यापुरतं ठीक होतं. बाकीचे तिघं गंजानं नाही, तेलानं धरलेले. त्यांना डिझेल किती पाजा, ढेकर देऊन बसणार.

कढईचा असला चिकटा कशानं निघतो? ऊन पाण्यानं आणि दमानं.

तीन सिलिंडरमध्ये थिनर ओतला, वरून झाकलं आणि मुरू दिला. थिनर भडकणारा, म्हणून ब्लो-लॅम्प कपाटात कुलूपबंद केला आणि सलीमच्या खिशातली काडीपेटीही काढून घेतली. आज उद्या करत पापुद्रा मऊ झाला, डिंकासारखा कपड्यावर यायला लागला. थिनर सगळा पुसून, वारं खेळू देऊन, मग मी घरनं आमचा अंघोळीचा बंब आणवला. तांब्याचा, सासूबाईंचा. तो लांब, अंगणाच्या पार टोकाला पेटवला. सिलिंडरच्या भोवती पाणी फिरायला पोकळ वाट असते. तिचं खालचं तोंड लाकडी बुचानं बंद केलं आणि नरसाळ्यानं कढत पाणी त्या वाटेत भरलं. थंडावलं की काढायचं, पुन्हा भरायचं. दिव्याचा शेक एका जागी लागतो, बीड तडकायची भीती. पाण्याची ऊब सगळीकडून सारखी. रस्त्यानं जाणारे थांबून विचारायचे, "मावशी, गाडीला न्हाऊ घालताय?" सलीम सांगायचा, "बाळंतीण है. शेक चालू है."

मग हॅन्डल. इथं लोक चुकतात. अडकलेल्या वस्तूला एकाच दिशेनं रेटत राहतात. आम्ही एकदा इकडं, एकदा तिकडं, नुसता भार टाकायचा आणि सोडायचा. पाळण्याला झोका द्यावा तसं. सलीम हॅन्डलवर आणि मी चौथ्या पिस्टनवर तळहात टेकवून. डोळे मिटून. हाताला कळतं ते डोळ्याला कळत नाही.

दुपार कलली होती. बंबातलं पाणी संपत आलं होतं. आणि माझ्या तळव्याखाली काहीतरी खसखसलं. केसाएवढं.

"सलीम, थांब. उलटं घे."

त्यानं उलटं घेतलं. पुन्हा खसखसलं.

"आपा! हिला! हिला क्या?"

"हिला. जोर करू नकोस. तसंच."

झोका केसाचा बोटाएवढा झाला, बोटाचा वितीएवढा, आणि चारही पिस्टन एकामागून एक वरखाली व्हायला लागले, जत्रेतल्या पाळण्यासारखे. सलीम हॅन्डल सोडून खालीच बसला. मी भिंतीवरच्या हातोड्याकडं बघितलं. उस्ताद हवे होते, एवढं मात्र वाटलं.

खालून नट सोडून पिस्टन बाहेर काढले आणि सिलिंडर पुसले. पुसता पुसता एकेकाच्या भिंतीवरून बोट फिरवलं. महेशला फोन लावला. "आजीला घेऊन ये. आजच्या आज."

आत्याबाई आल्या त्या दारातच उभ्या. मी हात धरून त्यांना आत आणलं आणि म्हणाले, "बोट घाला." त्यांनी भीत भीत पहिल्या सिलिंडरमध्ये बोट घातलं.

"कसं लागतं?"

"गुळगुळीत. काचंगत."

दुसऱ्यात घातलं, तिसऱ्यात घातलं. तसंच. मग चौथ्यात. त्यांनी बोट मागं घेतलं. तिथं गंजानं भिंत खाल्ली होती, देवीच्या व्रणासारखे खड्डे पडले होते.

"हे कोण चौथं?"

"जिथं तुमचा हात पुरत नव्हता ते."

 मी म्हणाले, "आत्याबाई, मी खोटं बोलणार नाही. तेल चुकलं. इंजिन त्यानंच धरलं होतं. पण तुम्ही लोखंडी तवा धुऊन तसाच ठेवता का?"

"तसा कसा ठेवीन? तेलाचं बोट फिरवते. गंजतो की."

"मग तेच झालंय. इतक्या साली शेडमध्ये पाऊस, दमट हवा, सगळं सोसलं गाडीनं. जिथं तुमचं तेल पोचलं तिथं गंज आत शिरला नाही. कोरडं राहिलं असतं तर चारही असे झाले असते, आणि मग मी काय, काकांच्या मुदतीत कुणी काही करू शकलं नसतं."

आत्याबाईंनी पदर तोंडाला लावला. मला वाटलं रडतात. तर त्या महेशच्या पाठीत धपाटा घालून म्हणाल्या, "ऐकलंस का रे मुडद्या? म्हणं जाम केलीस!" मग मोटारीला हात लावला, त्या दिवशी लावला नव्हता तो. आणि हळूच मला विचारलं, "चवथा रागावला असंल न्हाई? त्याला कवाच मिळालं नाय."

चौथ्याला आत नवी नळी, लायनर, बसवून घ्यावी लागली. पिस्टनभोवतीच्या कड्या सगळ्याच काढताना तुटल्या, त्या नव्या करून घेतल्या. गॅस्केट मी कापलं. शिवणीला जागा न सोडता. घटस्थापनेच्या आदल्या दिवशी इंजिन हॅन्डलवर धडधडलं, निळा धूर काढून सगळ्या गॅरेजला खोकला आणला आणि मग सूर धरला. महेशच्या काकांनी फोनवरच आवाज ऐकला. म्हणाले, "बरं. राहू द्या मग तेच."

दसऱ्याला सलीमला आणि मला पाचोडचं आवतण होतं. मोटारीला झेंडूच्या माळा, पुढं आत्याबाई, मागं आम्ही आणि घरातली पोरं कोंबलेली. महेश गाडी चालवत होता, जीभ दातात धरून. ओढ्याच्या पुलावर चढाला मोटार गचकली.  सलीम मागून पुटपुटला, "चल मेरी बाळंतीण." ती चढली आणि शिव ओलांडून पलीकडं उतरली. आपट्याखाली आत्याबाईंनी पहिलं पान तोडलं आणि कुणाला द्यायच्या आधी डॅशबोर्डवर ठेवलं.

परत आलो. मोटार शेडमध्ये लागली. सगळे पांगायला लागले, तर आत्याबाई घरातून आल्या, एका हातात वाटी, दुसऱ्यात चमचा. वाटीत सोनेरी करडईचं तेल. माझ्यासमोर उभ्या राहून विचारलं, "यंदा घालायचं का नाय?"

मला हे माहीतच होतं. पिशवीतून मी इंजिन ऑइलचा डबा काढला. "घाला की. फक्त हे घाला. आणि आता प्लग काढायची गरज नाही. इंजिनाचं तेल भरायचं हे मोठं तोंड, इथं हात पुरतो. महिन्यातून एकदा महेश गाडी फिरवून आणील, चौघांनाही पोचेल."

त्यांनी डबा हुंगला. "वास नाय ह्याला कसला." पण चमचाभर घातलं, मनापासून, देवाला घालावं तसं. मग वाटीकडं बघत राहिल्या. एवढं तेल परत घरात न्यायचं त्यांच्या जिवावर आलं असावं. त्यांनी करडईच्या तेलात बोट बुडवलं आणि बॉनेटवर टिळा लावला.

"वरनं लावलं तर चालतंय न्हवं?"

"चालतंय, आत्याबाई. तव्याला लावतो तसं."

बॉनेट अजून तापलेलंच होतं. तेल पसरलं आणि शेडमध्ये पुन्हा तोच वास दरवळला. सलीमनं नाक वर केलं आणि माझ्याकडं बघून हसला. आत्याबाईंनी ते बरोबर हेरलं. घराकडं तोंड करून सुनेला हाक मारली, "अगं, कढई ठेव गं. मिस्त्री लोक भुकेले हायत."